डिकीत मावणारा टप

मोटारीची डिकी मागून उघडते. बिजागऱ्या काचेच्या पायथ्याशी, कुलूप नंबरप्लेटजवळ; यात सांगण्यासारखं काही नाही. पण फोक्सवॅगनच्या इऑस या गाडीच्या मागे चार पावलं सोडून उभे राहा आणि आत बसलेल्याला टपाचं बटण धरून ठेवायला सांगा. सामान ठेवताना मागून उघडलेलं तेच झाकण आता पुढून उघडतं आणि मागच्या कडेवर रेलून तुमच्या अंगावर आल्यासारखं झुकतं. मघाशी जिथे बिजागरी होती तिथे मोठी पोकळी दिसू लागते. त्या पोकळीत गाडीचा सगळा टप, मागच्या काचेसकट, तुकड्यातुकड्यांनी उतरतो आणि झाकण पुन्हा मिटतं. पंचवीसेक सेकंदांपूर्वीची बंद कूपे आता आभाळाखाली उघडी उभी आहे, आणि छप्पर गेलं कुठे याचा बाहेरून मागमूस नाही.

झाकण दोन्हीकडून कसं उघडतं? ढोबळमानाने सांगायचं तर ते एका चौकटीवर बसवलेलं असतं. सामानासाठी झाकण चौकटीवरून उचललं जातं. टपासाठी चौकटच झाकणाला घेऊन मागे कलते. एकाच दाराला दोन दारांचं काम. पण हे नुसतं सुचून भागत नाही. दोन्ही प्रकारे हजारो वेळा उघडमीट झाल्यावरही ते झाकण तसूभर न हलता जागच्या जागी बसायला हवं, आणि या गाड्यांची खरी गंमत तिथून पुढे सुरू होते.

इऑस २००६ ते २०१५ या काळात पोर्तुगालमधल्या पाल्मेला इथल्या कारखान्यात तयार झाली. तिचा टप पाच तुकड्यांचा. त्यातला एक तुकडा काचेचा, आणि टप बंद असताना तोच सनरूफ म्हणून सरकतो. ब्रिटनमध्ये वर्षभर पावसाची टांगती तलवार असली तरी उघड्या गाड्यांचं वेड जुनं आहे. तिथल्या सेकंडहँड बाजारात ही गाडी आता काही हजार पौंडांत मिळते. मर्सिडीझची एसएलके, बीएमडब्ल्यूची झेड-४, व्होल्वोची सी-७० ही त्याच जातकुळीतली नावं. एसएलके आणि झेड-४ आपल्याकडेही अधिकृतपणे विकल्या गेल्या, त्यामुळे मुंबई-पुण्यातल्या जुन्या महागड्या गाड्यांच्या दुकानांतही त्या अधूनमधून दिसतात.

जुनीच का, याला नुसती किंमत हे कारण नाही. नवी मिळणंच जवळपास बंद झालं आहे. २०१८ मध्ये आलेली नवी झेड-४ पुन्हा कापडी टपाची झाली. बीएमडब्ल्यूची ४ सीरिज २०२० मध्ये त्याच वाटेने गेली, आणि नवा टप जुन्या धातूच्या टपापेक्षा ४० टक्के हलका असल्याचं कंपनीने सांगितलं. मर्सिडीझने २०२० मध्ये एसएलके-एसएलसीची मालिका थांबवली आणि २०२१ च्या एसएललाही कापडच घातलं. फेरारी, मॅकलॅरेन, कॉर्व्हेट यांच्याकडे अजून कडक टप आहेत, माझ्दाच्या दोन माणसांच्या एमएक्स-५ आरएफकडेही एका परीने आहे. पण चार माणसं बसतील अशी, सामान्य पगारदाराच्या आवाक्यातली आणि सगळा टप डिकीत घालणारी गाडी हवी असेल, तर ती दुसऱ्या कुणीतरी आधी वापरलेलीच असणार.

या कल्पनेचा जनक मोटारींच्या धंद्यातला नव्हता. जॉर्ज पोलँ हा फ्रेंच माणूस पोटापाण्यासाठी दातांचं काम करायचा आणि आवड म्हणून गाड्यांच्या बॉडीची चित्रं काढायचा. अखंड टप मागे सरकवून डिकीत दडवण्याची रचना त्याची. १९३४ मध्ये प्यूजोच्या ४०१ गाडीवर ती ‘एक्लिप्स’ या नावाने रस्त्यावर आली. पुढे दुसऱ्या महायुद्धात पोलँ नाझींविरुद्धच्या गुप्त कामात सामील झाला, पकडला गेला, आणि मार्च १९४२ मध्ये जर्मनांनी त्याला गोळ्या घातल्या. त्याच्या गाड्या आज संग्रहालयांत आणि संग्राहकांकडे आहेत.

त्यानंतरचा मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. फोर्डची फेअरलेन ५०० स्कायलायनर, १९५७ ते १९५९. तिच्यात टपाचा पुढचा भाग आधी दुमडायचा आणि मग सगळं छप्पर प्रचंड डिकीत जायचं. लक्षात घ्या, त्या काळी गाडीत संगणक नव्हता. कुठला भाग कुठवर पोचला हे कळण्यासाठी जागोजागी स्विच, त्यांच्या हुकमावर चालणारे रिले, अर्धा डझनाहून जास्त विजेच्या मोटरी, आणि हे सगळं जोडायला सहाशे फुटांहून लांब वायर. पेट्रोलची टाकीसुद्धा मागच्या सीटमागे उभी बसवावी लागली, कारण तिची नेहमीची जागा छपराने घेतली होती. तीन वर्षांत अशा सुमारे ४८ हजार गाड्या विकल्या गेल्या आणि मग फोर्डने नाद सोडला. १९९६ मध्ये मर्सिडीझने एसएलके आणली तेव्हा कुठे ही कल्पना पुन्हा बाजारात रुजली.

स्कायलायनर आणि इऑस यांच्यात अर्धं शतक आहे, पण मूळ तर्क तोच: आधीची पायरी पुरी झाल्याची खबर आल्याखेरीज पुढची सुरू करायची नाही. काचा खाली आल्या? खबर. पुढची कुलपं सुटली? खबर. डिकीचं झाकण पुरतं कललं? खबर. इऑसमध्ये काम हायड्रॉलिक पंप आणि ऑइलने हलणारे दांडे करतात, आणि कंट्रोल युनिट खबरींची वाट बघत बसतं. एखादी खबर आलीच नाही तर ते पुढे जात नाही. टप अर्धा हवेत, झाकण उभं, आणि गाडी रस्त्याच्या कडेला. बघणाऱ्याला वाटतं गाडी बिघडली. खरं तर ती शहाणपणाने थांबलेली असते. खात्री नसताना पुढे गेली असती तर काच झाकणावर आपटली असती.

यातूनच जुनी गाडी बघणाऱ्याला पहिला धडा मिळतो. अडकलेला टप म्हणजे हजारोंचं बिल असं दर वेळी नसतं. डिकीत सामान आणि टप यांच्या मध्ये एक पडदा असतो. तो खाली ओढून खाचेत बसवला नसेल तर गाडी टप हलवतच नाही, कारण सामानावर छप्पर येऊन बसेल. बॅटरी अशक्त असली तरी तेच. पंप चालू होताच व्होल्टेज पडतं आणि कंट्रोल युनिट हात वर करतं. म्हणून टप इंजिन चालू ठेवूनच उघडावा. पण विकणारा ‘काही नाही हो, एक सेन्सर आहे, दोनशे पौंडांचं काम’ असं म्हणाला तर त्याला एकच उत्तर आहे: मग तुम्हीच ते करून घ्या, मी पुढच्या आठवड्यात येतो. इतकं स्वस्त काम न करता कुणी गाडी पडत्या भावात विकत नसतो.

गाडी बघायला जाण्याआधी फोनवरच सांगून ठेवा की टप बंद हवा. विकणाऱ्याला नेमकं उलट करायचं असतं. टप खाली, सीट पुसलेली, ऊन पडलेलं. अशा वेळी गाडी सगळ्यात देखणी दिसते आणि तिच्याविषयी सगळ्यात कमी कळतं. टप बंद असलेली गाडी सपाट जागी उभी करा आणि टप उघडण्या-मिटण्याची एक फेरी बाहेरून बघा, दुसरी आत बसून. बाहेरून बघताना डावी-उजवी बाजू बरोबरीने हलते का ते पाहा. एका बाजूचा दांडा मागे पडत असेल तर तुकडा तिरका होतो आणि कुठेतरी घासतो. झाकणाच्या आतल्या बाजूला, टपाच्या कडांना रंग खरवडल्याच्या बारीक रेषा असल्या तर ते घासणं आजचं नाही. आत बसून ऐका. पंपाचा आवाज एकसुरी हवा. मध्येच तो कण्हायला लागला, किंवा पंप चालू आहे पण काही हलत नाही अशी दोन-तीन सेकंदं गेली, तर ऑइल कमी झालेलं असू शकतं. ते कुठे गेलं याचा शोध मग डिकीच्या अस्तरावर, सांध्यांजवळ आणि समोरच्या काचेच्या वरच्या पट्टीशी बोट फिरवून घ्यायचा. मर्सिडीझच्या काही जुन्या मॉडेलांत कुलपाचा दांडा तिथेच असतो आणि सील म्हातारं झालं की ऑइल थेट चालकाच्या डोक्यावर ठिबकतं. एकदा टप अर्ध्यात थांबवून उलट फिरवून बघायलाही हरकत नाही. निरोगी टप निमूटपणे परत येतो.

आता पाणी. खरं तर सगळा लेख पाण्यावरच लिहायला हवा होता, कारण टप हलवणं ही या गाडीची जादू असली तरी पाणी बाहेर ठेवणं ही तिची रोजची नोकरी आहे. साध्या गाडीचं छप्पर एकसंध पत्र्याचं असतं, त्याला शिवणच नसते. इथे पाच तुकडे, त्यांच्या मधल्या फटी, शिवाय दारांच्या चौकट नसलेल्या काचा. एवढी सगळी रबरं एकमेकांवर नेमकी दाबली जातील आणि एक थेंबही आत येणार नाही, असा दावा तर रचना करणाऱ्यांनीही केलेला नाही. त्यांनी जुनाच मार्ग धरला, कोकणातल्या कौलारू घराचा: काही पाणी आत येणारच असं धरून चालायचं आणि त्याला पन्हळीतून बाहेरची वाट द्यायची. पहिल्या रबराला चुकवून आलेलं पाणी आतल्या नाळीत पडतं आणि नळ्यांतून गाडीखाली निघून जातं. मालकाला पत्ताही लागत नाही.

पत्ता लागतो तो नळी तुंबल्यावर. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत पानांचा चुरा, धूळ, शेवाळ हळूहळू नाळीत जमतं. आपल्याकडे गुलमोहराखाली उभी राहणारी गाडी असेल तर विचारूच नका. त्याची पानं इतकी चिमुकली की कुठल्याही जाळीतून आत शिरतात. वाट बंद झाली की पाणी उतार बघून दुसरीकडे जातं, आणि गाडीत सगळ्यात खाली काय असतं? गालिच्याखालचा फोम, स्टेपनीचा खड्डा आणि काही गाड्यांत चक्क इलेक्ट्रॉनिक्स. बीएमडब्ल्यूच्या पहिल्या झेड-४ चा टप कापडी होता, पण तिचा किस्सा इथे सांगायलाच हवा. तिच्या टपाचा पंप पाणी निघून जाण्याच्या वाटेतच बसवलेला होता. वाट तुंबली की पंप बुडायचा. इतक्या हुशार माणसांनी एवढी हुशार गाडी घडवली आणि पंप ठेवला गटाराच्या तोंडाशी!

म्हणून गालिच्यावर नुसता हात फिरवू नका. मॅट उचला, मूठ आवळून चारही पायांच्या जागी जोर देऊन दाबा आणि मूठ नाकाशी धरा. फोम आठवडेच्या आठवडे पाणी धरून ठेवतो. वरचा गालिचा हीटरने वाळवता येतो, फोम नाही. मग सीट पुढे-मागे सरकवून ती जमिनीला जखडणारे बोल्ट बघा. बंद गाडीच्या आत राहणाऱ्या बोल्टाला गंजायचं काही कारण नसतं. तिथे तांबूस पापुद्रा दिसला तर त्या गाडीत पाणी साचून राहिलेलं आहे, मग विकणारा काहीही सांगो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्या खालच्या टोकाला डागाची रेघ आहे का पाहा. डिकीचा तळ उचलून स्टेपनीच्या खड्ड्यात बोट घाला. आतून काचांवर वाफ धरली असेल तर तीही बोलकी आहे.

आणि शक्य झालं तर पाऊस पडून गेल्यावर जा. जुनी गाडी पावसात बघू नये असं सगळे सांगतात, कारण ओल्या रंगावर पोचे दिसत नाहीत. या एका जातीच्या गाडीला तो सल्ला अर्धाच लागू आहे. रंग दुसऱ्या दिवशी उन्हात बघता येईल, पण पाऊस आपण मागवू शकत नाही. पाऊस नसेल तर बागेच्या पाइपने, जोर न लावता, पाच-दहा मिनिटं टपावर पाणी सोडा आणि स्वतः आत बसून राहा. प्रेशर वॉशरचा फवारा रबरावर मारू नका. त्याने चांगली गाडीही गळेल आणि तुम्ही तिला उगाच नापास कराल.

रबरांना हात लावून बघाच. चांगलं रबर मऊ, किंचित तेलकट लागतं. उन्हात राहिलेलं कडक, चिरलेलं, पांढुरकं. इऑसच्या रबरांना ठरावीक काळाने खास ग्रीस लावायचं असतं, सर्व्हिसच्या यादीतच ते आहे. जुन्या मालकाला त्याविषयी सहज विचारा. ‘कसलं ग्रीस?’ असं उत्तर आलं, तर खराब रस्त्यावरून टप बंद ठेवून गाडी चालवताना कर्रकर्र ऐकायची तयारी ठेवा. सुकलेली रबरं धातूवर आणि एकमेकांवर घासतात तेव्हा तो आवाज येतो.

दाराच्या काचेची छोटीशी करामत तर मला टपाइतकीच आवडते. दाराची मूठ ओढताच काच किंचित खाली येते, दार लागलं की वर सरकून रबरात शिरते. सगळं पापणी लवायच्या आत. प्रत्येक दाराशी हे चार-पाच वेळा करून बघा. काच उशिरा उतरत असेल तर ती दर वेळी रबर ओरबाडते आहे, आणि वर्षभरात तिथून पाणी येणार.

वायरींची तपासणी करायला मेकॅनिक लागत नाही, संध्याकाळ लागते. डिकीच्या झाकणात जाणाऱ्या वायरी बिजागरीपाशी वाकतात, दर उघडमिटीला थोड्या. तांब्याची तार परत परत वाकवली की आतून एकेक धागा तुटत जातो. वरचं वेष्टण शाबूत दिसतं आणि आत करंट लपंडाव खेळतो. दिवे लावा, नंबरप्लेटचा दिवा बघत झाकण अगदी सावकाश वर-खाली करा. मध्येच तो मिणमिणला तर वायर मरायला टेकली आहे, आणि टपाच्या खबरी नेणाऱ्या वायरीही बऱ्याच गाड्यांत त्याच जुडग्यातून जातात.

अपघाताची परीक्षा इथे नेहमीपेक्षा सोपी आहे, कारण टप खोटं बोलत नाही. मागून बसलेला मध्यम धक्का साध्या गाडीत रंगरंगोटीने लपतो. इथे डिकीची चौकट थोडीशी सरकली तरी टपाचे तुकडे जुळून येत नाहीत. डाव्या आणि उजव्या फटीतून एकाच वेळी बोटं फिरवा. डोळ्यांपेक्षा बोटांना फरक आधी कळतो. उघड्या टपाने खडबडीत रस्त्यावर चालवताना आतला आरसा थरथरतोच, ती अपघाताची खूण नव्हे, कारण छप्पर नसलेल्या बॉडीची ताठरता कमी असते आणि ती भरून काढायला खाली जादा पोलाद घालावं लागतं. बीएमडब्ल्यूची आधीची ३ सीरिज कन्व्हर्टिबल आपल्या कूपे बहिणीपेक्षा सुमारे दोनशे किलो जड होती. हे वजन टायर, ब्रेक आणि सस्पेन्शन सोसतात, तेव्हा तिथलं झिजणं हिशेबात धरा.

इऑसच्या इंजिन-गिअरबॉक्सचं मी फार सांगत नाही, ते गोल्फ-पसाटचंच आहे आणि कुठलाही चांगला फोक्सवॅगन मेकॅनिक जाणतो. एवढंच बघा की डीएसजी गिअरबॉक्सचं ऑइल वेळच्या वेळी बदलल्याच्या पावत्या आहेत. ग्रेट ब्रिटनमध्ये घेत असाल तर गाडीच्या नंबरवरून तिचा एमओटी तपासणीचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर फुकट बघता येतो. किती मैल झाले, दर वर्षी कशाबद्दल ताकीद मिळाली, सगळं. मात्र टप उघडतो की नाही हे ती तपासणी बघत नाही. ते तुमच्यावरच सोडलेलं आहे. डायग्नोस्टिक मशीन लावणार असाल तर टपाच्या दोन-तीन फेऱ्या झाल्यावर लावा. साठलेले फॉल्ट कोड विकणाऱ्याने सकाळीच पुसलेले असू शकतात. खरा दोष फेरीत पुन्हा नोंदला जातो.

टप उघडल्यावर इऑसची डिकी ३८० लिटरवरून २०५ वर येते. दोघांच्या आठवड्याच्या सहलीचं सामान आणि मोकळं आकाश यांतलं एकच मिळतं, हेही घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

समजा शेवटी दोन गाड्या उरल्या. एक तीस हजार मैल चाललेली, चकचकीत, पण वर्षानुवर्षं झाकून ठेवलेली. टप फारसा उघडलाच नाही असं मालक अभिमानाने सांगतो. दुसरी नव्वद हजार मैलांची, दर उन्हाळ्यात टप उघडून फिरवलेली, रबरांना ग्रीस आणि नळ्या साफ केल्याच्या पावत्या असलेली. मी दुसरी घेईन, तुम्हीही तीच घ्या. न हललेल्या टपाची रबरं चिकटतात, सीलं सुकतात, आणि त्याचं बिल नव्या मालकाच्या पहिल्याच उन्हाळ्यात येतं.